न गोठणाऱ्या तळ्याकाठी

"हा पत्ता इथून फार लांब आहे का?" बुरुल आपांनी रशियनमध्ये विचारलं आणि पर्समधून चार घड्यांचा एक कागद काढून माझ्यापुढं धरला.

सरकारी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात आम्ही दोघीच होतो, रशियाहून आलेल्या त्या नर्तकी आणि मी त्यांची दुभाषी. शहात्तर सालचा जानेवारी, दुपारचे बारा वाजायचे होते. कागदावर देवनागरीत तीन ओळी: श्रीमती हौसाबाई इंगवले, गल्लीचं नाव, शुक्रवार पेठ, कोल्हापूर. पत्ता पुरता वाचायच्या आधीच मला अक्षर ओळखू आलं. 'ह'ची शेपटी एवढी खाली ओढणारा माणूस मला एकच माहीत होता.

"लांब नाही," मी म्हणाले. "मी ओळखते त्यांना."

"बरं झालं." आपांनी सुटकेचा श्वास सोडला. "आमच्या फ्रुंझेत एक भारतीय इंजिनियर आहे. त्याच्या आईला निरोप द्यायचाय. मी इकडं येणार हे कळल्यावर दोनदा घरी आला. लिहून दे म्हटलं तर नको म्हणाला. शाळेतल्या पोरासारखं सगळं पाठ करून घेतलंय माझ्याकडून."

"काय निरोप आहे?"

"तो आईलाच सांगायचा. रागावू नकोस मुली, मी शब्द दिलाय."

मी कागदाची घडी पुन्हा जशीच्या तशी घातली. त्या इंजिनियरचं माझ्याशी लग्न ठरलं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

जयसिंग इंगवले एकाहत्तर साली शेतीची यंत्रं शिकायला रशियातल्या किरगीझ भागात, फ्रुंझेला गेला, त्याच्या आठ दिवस आधी आमची सुपारी फुटली. चार वर्षांचा अभ्यासक्रम. पहिलं वर्षभर पत्रं नियमित आली. मग महिन्याचं दोन महिन्यांनी, दोनाचं चार महिन्यांनी, आणि त्र्याहत्तरच्या दिवाळीनंतर काहीच नाही. मी शाळेत शिकवत होते. त्याच्या पत्रात मधेमधे येणारी रशियन अक्षरं मला वाचता येईनात, म्हणून मी संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं. पत्रं थांबली तरी वर्ग सोडला नाही. त्याला हे ठाऊकच नव्हतं. येईल तेव्हा स्टेशनावर त्याच्याशी रशियनमध्ये बोलून चकित करायचं, असं माझ्या मनात होतं.

आणि दर रविवारी मी शुक्रवार पेठेत जायची. हौसामावशी विधवा, घरात एकट्या; त्यांना अक्षरओळख नव्हती. त्याची पत्रं आली की त्या तशीच न फोडता देव्हाऱ्यात ठेवायच्या आणि रविवारी मी वाचून दाखवायची. पुढं पत्रं आली नाहीत तरी रविवार चुकला नाही. मी गेले की त्या चुलीवर तेल कोमट करायच्या, मला पुढ्यात बसवायच्या आणि डोकं चोळून द्यायच्या. माझी आई मी सात वर्षांची असताना गेली. त्यानंतर माझ्या केसांना दुसऱ्या कुणाचा हात लागला, तो या बाईचाच.

तर अशा बाईला मी सासने सरांच्या सायकलवरून एका पोराला पिटाळून निरोप धाडला: संध्याकाळी साडेचारला थिएटरवर या, जयसिंगच्या गावाहून माणूस आलंय.

सासने सर आमच्या चित्रपट मंडळाचे चिटणीस. रशियाहून आलेल्या कलाकारांचं पथक त्यांनी खटपट करून एका दिवसासाठी कोल्हापुरात ओढून आणलं होतं. पथकातले बाकीचे नऊ जण महालक्ष्मी आणि रंकाळा बघायला गेले होते. संध्याकाळी त्यांचा एक जुना चित्रपट दाखवायचा होता. किरगीझ लोककथेवरचा बॅले, रंगीत, दीड तासाचा. त्यात बुरुल आपा नायिका होत्या. तेव्हा त्या तिशीच्या होत्या. आता सत्तेचाळीस, डाव्या गुडघ्याला पट्टा, जिना चढताना माझा खांदा धरायच्या.

"बॅलेत बोलत नाहीत म्हणे," सासने सर काळजीनं म्हणाले होते. "दीड तास नुसता नाच म्हटल्यावर आमची माणसं उठून जातील. तुम्ही माइकवरनं गोष्ट सांगत राहा. हा घ्या गोषवारा." टंकलेखित दीड पान.

दुपारी जेवल्यावर मी तो आपांना वाचून दाखवला. डोंगरातल्या एका तळ्याकाठी एक मुलगी राहते. तिचा घोडेस्वार पलीकडच्या काठावर गेलाय. तळं एवढं मोठं की वळसा घालायला उन्हाळा पुरत नाही. 'तळं गोठलं की बर्फावरनं घोडा घालून येईन,' असं तो सांगून गेलाय. हिवाळे येतात, जातात, तळं काही गोठत नाही. मग तिला कळतं की तिच्या आसवांनीच पाणी ऊन राहिलंय. ती रडायची थांबते, तळं गोठतं, स्वार येतो. शेवट आनंदाचा.

"बरोबर आहे ना?" मी विचारलं.

"चित्रपटात असंच आहे," आपा म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

साडेचारला हौसामावशी आल्या. ठेवणीतलं तपकिरी इरकल, हातात पिशवी. पिशवीत पोह्याच्या लाडवांचा डबा होता. निरोप आणणाऱ्या पाहुणीला रिकाम्या हातानं कसं भेटायचं! मॅनेजरच्या खोलीत आम्ही तिघी बसलो. भिंतीपलीकडं खुर्च्या मांडल्याचा आवाज येत होता.

"इचार गं सरू, ह्यांनी बघितलंया का माझ्या जयाला? बरा हाय का?"

मी विचारलं. आपा म्हणाल्या, "तब्येत चांगली आहे. थोडा जाड झालाय." मी सांगितलं. मावशी हसल्या.

"आता निरोप," आपा म्हणाल्या. त्या खुर्चीत ताठ बसल्या, हात मांडीवर घेतले. "त्यानं सांगितलंय, 'मी' म्हणूनच सांगा. तूही तसंच सांग, मुली. मध्ये माझे शब्द घालू नकोस, तुझे घालू नकोस."

"बरं."

त्या एक वाक्य बोलायच्या, मी ते मराठीत सांगायची.

"'आई, मी जयसिंग बोलतोय,'" मी म्हणाले. "'मी सुखात आहे. इथंच कारखान्यात नोकरी लागली आहे.'"

मावशी पुढं सरकून बसल्या.

"'मी इथं लग्न केलंय.'"

हे वाक्य मी सांगितलं खरं. आवाज कसा आला ते आठवत नाही. एवढं आठवतं की मावशींनी माझ्याकडं बघितलं आणि लगेच नजर खाली घेतली. दचकल्या नाहीत. मला वाटलं, त्यांना नीट ऐकू गेलं नसावं.

"'ती दवाखान्यात परिचारिका आहे. आम्हाला मुलगी आहे, दोन वर्षांची होईल.'"

आपांनी पर्समधून एक फोटो काढून मावशींपुढं धरला. केसाळ टोपीतली लहानगी. मावशींनी तो घेतला आणि न बघताच मांडीवर पालथा ठेवला.

"'मी परत येणार नाही. मला क्षमा कर.'"

पुढचं वाक्य आपांनी मनाशी एकदा म्हणून घेतलं असावं, ओठ हलले.

"'लग्नाचं मी तुला दोन वर्षांपूर्वीच पत्रात लिहिलं होतं,'" मी म्हणाले. "'तू उत्तर दिलं ना—'"

वाक्य तोंडातच राहिलं.

"कुठलं पत्र?"

हा प्रश्न माझा होता. मावशी माझ्याकडं बघत होत्या, आणि तो चेहरा बघून मला उत्तराची गरज उरली नाही. पत्र आलं होतं. पत्र वाचलं गेलं होतं. रविवार सोडून दुसऱ्या कुठल्या तरी दिवशी.

"काय झालं?" आपांनी मला विचारलं. "काही चुकलं का माझं?"

"नाही. पुढचं सांगा."

"एकच वाक्य राहिलंय."

तेही मी सांगितलं. "'माझ्यासाठी जी मुलगी थांबली असेल, तिला सांग, थांबू नकोस. तिला मोकळं कर.'"

निरोप संपला. आपांनी घाम पुसला. बाहेर घंटा झाली. सासने सरांनी दारातून डोकं आत घातलं आणि मला हाक मारली. "नेजदारबाई, सहाशे माणूस झालंय. चला, चला!"

पडद्याच्या डाव्या बाजूला छोटं टेबल, माइक आणि झाकलेला दिवा. आपांना माझ्याशेजारी खुर्ची दिली होती. मावशी पहिल्या रांगेत होत्या, माझ्यापासून आठ-दहा हातांवर. सासने सरांनीच त्यांना मानानं तिथं नेऊन बसवलं होतं. अंधार झाला, आणि पडद्यावर निळं, अफाट पाणी पसरलं. मागं बर्फाचे डोंगर. काठावरनं एक मुलगी धावत आली, आणि तिचे पाय जमिनीला लागतायत की नाही हे कळेना.

"ही मी," आपा अंधारात हळूच म्हणाल्या.

मी गोषवारा वाचायला लागले. कुणा दुसऱ्याचा आवाज असावा तसा माझा आवाज माइकमधून येत होता. माझ्या डोक्यात मात्र हिशेब चालला होता. दोन वर्षं म्हणजे चौऱ्याहत्तरचा जानेवारी. पंच्याहत्तरच्या मे महिन्यात कऱ्हाडचं स्थळ आलं होतं. माणूस चांगला होता. बाबांनी पहिल्यांदाच माझ्यापुढं हात जोडले. मी नाही म्हणाले, आणि त्या रविवारी मावशींना तसं सांगितलं. त्यांचा तेलाचा हात माझ्या डोक्यावर थांबला होता, हे मला आता आठवलं. थांबला आणि पुन्हा चालू झाला. तेव्हा त्यांना ठाऊक होतं. त्या बोलल्या नव्हत्या.

पडद्यावर हिवाळा आला. स्वार घोडा उधळत निघून गेला. घोडा खरोखरीचा होता, पांढराशुभ्र, आणि आमच्या कोल्हापूरकरांनी घोड्याला टाळ्या दिल्या. मुलगी काठावर एकटी राहिली. बर्फ पडत होता आणि ती नाचत होती. हात पलीकडच्या काठाकडं लांबवायची आणि कुणीतरी मागून ओढावं तशी मागं यायची. थिएटरात कुणी खोकतही नव्हतं.

"इथं आणखी एक बाई होती," आपा माझ्या कानाशी पुटपुटल्या.

दिवसभर त्या बोलतील ते मराठीत सांगायची मला सवय लागली होती. माइक समोर होता. मी सांगून गेले: "इथं आणखी एक बाई होती."

सभागृहात किंचित हालचाल झाली. पडद्यावर तर मुलगी एकटीच दिसत होती. सासने सर बाजूच्या दारात उभे होते, ते एक पाऊल पुढं आले. आपांना माइकचं काही कळलं नव्हतं. पडद्यावरच्या स्वतःकडं बघत त्या बोलत राहिल्या आणि मी सांगत राहिले.

"माझ्या आजीच्या गोष्टीत ती बाई आहे. त्या स्वाराची आई. दोघी एकाच काठावर, एकाच तंबूत राहायच्या. दिग्दर्शक म्हणाले, दोन बायकांचं रडणं बॅलेत कंटाळवाणं होईल. म्हणून आईला काढून टाकलं."

पडद्यावर मुलीनं डोळे पुसले. तिला कळलं होतं की तळं तिच्याच आसवांनी ऊन राहिलंय.

"आजी सांगायची, मुलगी रडायची थांबली, तरी तळं गोठलं नाही. दुसरा हिवाळा गेला, तरी नाही. मग एक दिवस मुलगी पाणी भरायला लवकर उठली, तर म्हातारी काठावर बसून रडत होती. चोरून. रोज."

"का?" हे मी आपांना विचारलं. रशियनमध्ये. पण तेही माइकमधून सगळ्यांनी ऐकलं.

"कारण तळं गोठलं असतं तर मुलगी चालत निघून गेली असती," आपा म्हणाल्या. "मुलगा येवो न येवो. म्हातारी एकटी उरली असती."

हे मराठीत सांगायला मला वेळ लागला. पहिल्या रांगेकडं मी बघितलं नाही. टेबलावरच्या कागदाकडं बघत मी ते वाक्य सांगितलं, सगळं, शेवटच्या शब्दापर्यंत.

"मग मुलीनं काय केलं?" मी विचारलं.

"आजी म्हणायची, ती शेजारी जाऊन बसली. एवढंच. पुढं आजी झोपी जायची."

पडद्यावर तळं कडकडत गोठत होतं. पांढरा घोडा बर्फावरनं दौडत आला, लोकांनी शिट्ट्या मारल्या, मुलगी उंच उडाली आणि स्वारानं तिला वरच्या वर झेललं. गोषवाऱ्याची शेवटची सहा वाक्यं माझ्यासमोर होती. मी एकही वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक वर्तमानपत्रानं लिहिलं की, अखेरच्या दृश्याला निवेदिकेनं पाळलेलं मौन औचित्यपूर्ण होतं.

दिवे लागले. माणसं घोड्याबद्दल बोलत बाहेर पडली. पथकातल्या लोकांना सासने सर हार घालत होते. मावशी पहिल्या रांगेत तशाच बसून होत्या, मांडीवर डब्याची पिशवी. मी जाऊन शेजारच्या खुर्चीवर बसले.

थिएटर रिकामं होत आलं.

"पोस्टमननं वाचून दाखिवलं," शेवटी त्या म्हणाल्या. "मंगळवार हुता. रईवारपत्तूर दम न्हाई निघाला मला. म्हनलं, कदी न्हवं ते पत्तर आलंया, काय असंल, काय न्हाई. चुलीत घातलं मग ते."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगनार हुते. रईवारी सांगनारच हुते. तू आलीस, पाटाव बसलीस, आन् केस सोडलंस." त्यांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "म्हनलं, फुडच्या रईवारी सांगू."

"कऱ्हाडचं स्थळ मी तुमच्यासमोर नाकारलं, मावशी."

"व्हय." त्यांनी मान हलवली. "तवापास्नं मला धड झोप न्हाई. ल्योक गेलाच हुता, सरू. तू बी गेली असतीस. लई वंगाळ केलं मी. त्वांडानं सांगवंना, आन् तुला सोडवंना."

मला राग आला होता. आजही तो आठवतो, खोटं कशाला सांगू. दोन वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत. पण मला त्या रागापेक्षा एक गोष्ट जास्त छळत होती, आणि ती मी त्या खुर्चीत बसून स्वतःशी पहिल्यांदा कबूल केली. मॅनेजरच्या खोलीत 'मी इथं लग्न केलंय' हे शब्द माझ्या तोंडून गेले, तेव्हा मी जयसिंगचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला होता. तो आला नाही. नाक आठवलं, चष्मा आठवला, चेहरा जुळेना. त्या वाक्याचा मला जो धक्का बसला, तो त्याच्यासाठी नव्हताच. माझ्या मनात आलं होतं ते एवढंच: म्हणजे आता रविवार गेला. त्याचं पत्र येत नाही याचा अर्थ न कळण्याइतकी मी दूधखुळी नव्हते. मीही विचारायचं टाळत आले होते, त्यांच्यासारखीच.

"कोन म्हनून येशील गं आता माझ्याकडं?" मावशींनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "सून न्हवं. सोयरी न्हवं. लोक काय म्हनतील? तुझा बा काय म्हनंल?"

मी त्यांच्या बोटाला गुंडाळलेला पिशवीचा बंद सोडवत राहिले.

एवढ्यात बुरुल आपा गळ्यात हार घालून लंगडत आमच्याकडं आल्या. पुढं येऊन त्यांनी एकदा मावशींकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. माणसांना अंगावरून वाचायचा त्यांचा धंदाच होता.

"सकाळी तू म्हणालीस, मी ओळखते त्यांना," त्या मला म्हणाल्या. "ही बाई तुझी कोण आहे, मुली?"

मी उत्तर दिलं. एका शब्दात.

मावशींनी झटकन मान वर केली. "काय म्हनलीस गं? मामा?" ओल्या डोळ्यांनी त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "मी मामा व्हय तुझी?"

"त्यांच्या भाषेत..." मला पुन्हा सुरुवात करावी लागली. "मावशी, त्यांच्या भाषेत आईला मामा म्हणतात."

त्यांनी आपांकडं बघितलं, खात्री करून घ्यायला असावं. आपांनी मान डोलावली. त्यांना काय समजलं कोण जाणे.

"आईला मामा!" मावशी म्हणाल्या आणि त्यांना हसू फुटलं. पदर तोंडाला लावून त्या हसत राहिल्या आणि डोळ्यांतनं धारा लागल्या. "कसली म्हनायची ही भाशा! मग मामाला काय म्हनत्यात? आई?" मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं, मघाशी पिशवीत टाकलेला फोटो काढून प्रथमच नीट बघितला, बराच वेळ बघितला, आणि उठल्या. "चल, घरी चल. ह्या बाईलाबी घिऊन चल. दमली असंल बिचारी. कुनी जेवायचं इचारलंय का तिला?"

मी आपांना ते सगळं सांगितलं. मामाचं सोडून.

पुढल्या वर्षी वैशाखात माझं लग्न झालं, इस्लामपूरच्या एका शिक्षकांशी. बोलणी करायला बाबांबरोबर हौसामावशी गेल्या होत्या. पाठवणीच्या वेळी त्या तांदळाचं ताट घेऊन पुढं आल्या, तेव्हा माझी एक चुलती अडवून म्हणाली, "अहो, विधवेनं ओटी भरायची नसते."

माझे बाबा फार कमी बोलणारे. त्यांनी चुलतीचा हात हलकेच बाजूला केला.

"आईनं भरायची असते," ते म्हणाले.